अप्पांचं खोडणार कोण?

मन्मथअप्पांना आयुष्यात काय हवं होतं, हे सगळ्या पाटोद्याला माहीत होतं, कारण येईल-जाईल त्याला ते स्वतःच सांगत. त्यांना हवं होतं, की त्यांनी लिहिलेलं कुणीतरी खोडावं. विचारून नव्हे, हात जोडून नव्हे. सरळ खोडावं आणि त्या जागी आपलं लिहावं. माणसं पोराच्या लग्नाची, घरावर स्लॅब टाकायची, गेला बाजार काशीला जाऊन यायची इच्छा धरतात. अप्पांची इच्छा ही असली, आणि ती पुरी करायला तालुक्यात एक माणूस मिळेना.

बसस्टँडकडून बाजारपेठेत शिरलं, की उजव्या हाताला अप्पांचं सरकी-पेंडीचं दुकान होतं. पेंडीचा तो गोडसर, जड वास नाकात शिरला की दुकान आलं असं समजायचं. दारावर दोरखंडाची वेटोळी आणि घुंगरमाळा टांगलेल्या. दर्शनी कोपऱ्यात काचेची एक केबिन. एकेकाळी तिथं एसटीडी बूथ होता आणि आत शिरायला रांग लागायची. पुढं ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल आला आणि केबिनीत माश्या फिरू लागल्या. तेव्हा लातूरच्या जावयानं आपला जुना कॉम्प्युटर आणून तिथं बसवून दिला. अप्पांनी त्याला हार घातला, कपाळावर स्वतः लावत तशीच विभूतीची तीन बोटं पडद्याच्या वर ओढली, आणि मग जावयाला विचारलं, "आता ह्याचं काय करायचं?"

ते मी सांगितलं. तेव्हा मी पाटोद्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवत होतो. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या एका मित्राचा स्वतःचा सर्व्हर होता. त्यावर त्यानं आम्हाला जागा दिली, फुकट मिळणारं आणि कुणा एकाच्या मालकीचं नसलेलं सॉफ्टवेअर बसवून दिलं, आणि 'आपला तालुका' ही आमची विकी सुरू झाली. विकी म्हणजे अशी पानं, की वाचणाऱ्यालाच ती तिथल्या तिथं दुरुस्त करता येतात. कुणी काय बदललं ते मागं जपून राहतं, म्हणजे कुणी बिघडवलं तर परत जागेवर आणता येतं. गावोगावचे बाजार, एसटीच्या वेळा, जत्रा, गुरांचा डॉक्टर कुठल्या वारी कुठं बसतो, कुठल्या आडाला पाणी आहे, असं सगळं आम्हाला त्यावर आणायचं होतं.

उद्घाटन शाळेच्या हॉलमध्ये झालं. नारळ फुटला. तीन वक्ते बोलले आणि तिघांनीही 'क्रांती' हा शब्द वापरला, त्यातला एक मी. शेवटी 'कुणाला काही शंका?' असं विचारल्यावर मागच्या बाकावरून अप्पा उठले.

"सर, समदं झ्याक हाय. पर हे उद्या झाडनार कोन?"

हॉल हसला. अप्पा हसले नाहीत. "हसू नका बे. उन्हाळ्यात पानपोई उघडायला पुढारी येतेत, हार होतेत, फोटू होतो. मंग चार दिसांनी जाऊन बघा. रांजनाच्या बुडाला शेवाळ अन् गिलास गायब. ह्या पानपोईचा रांजन कोन धुनार, तेवढं सांगा."

व्यासपीठावरचे आम्ही एकमेकांकडं बघू लागलो. तेव्हा हुश्श करून ते म्हणाले, "बरं. मंग मीच धुतो," आणि खाली बसले. आमच्या विकीला सांभाळणारा माणूस मिळाला तो असा. पगार नाही, पद नाही, साधा सत्काराचा नारळही नाही.

देखभाल हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. सकाळी आंघोळ, पूजा आटोपून ते दुकानाची एकच फळी उघडत, केबिनीत बसत आणि रात्रीतून लोकांनी काय काय करून ठेवलंय ते बघत. कुणी शिव्या लिहिलेल्या असत. कुणी गावाच्या पानावर स्वतःचं नाव घालून पुढं 'युवा नेते' लावलेलं असे. एकानं महादेवाच्या देवळाच्या पानावर मोबाईल दुरुस्तीची जाहिरात टाकली होती. अप्पा सगळं निगुतीनं पुसत. टाइप करत एकाच बोटानं, कोंबडी दाणे टिपते तसं. नऊच्या सुमाराला त्यांची बायको गिरिजाक्का चहा घेऊन आली, की ते म्हणत, "धुतला बघ रांजन." अक्का म्हणत, "घरचा कोन धुनार मंग?"

त्यांचा एकच कायदा होता. काही बदललं, तर शेजारच्या चौकटीत कारण लिहायचं. कारण न देता कुणी बदललं, की त्याच्या नावापुढं अप्पांचा एका शब्दाचा सवाल येऊन पडे: "कावून?" म्हणजे, का? पुढं-मागं काही नाही. एकदा तहसील कचेरीतल्या एका साहेबानं कचेरीच्या वेळा बदलल्या, त्यांनाही "कावून?" आलं. साहेब भडकून दुकानात आले. अप्पांनी त्यांना पेंडीच्या पोत्यावर बसवलं, चहा पाजला आणि परत तेच विचारलं. साहेबांनी कारण लिहिलं तेव्हाच त्यांचा चहा संपला. पोरंटोरं त्यांना मागं 'कावूनअप्पा' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, असा माझा अंदाज आहे.

भांडणं मिटवायची त्यांची रीत तर ऐकण्यासारखी होती. एका गावच्या जत्रेत पालखीला पहिला खांदा कुणाचा, यावरून दोन भावक्या त्या पानावर जुंपल्या. सकाळी एकाचं नाव, दुपारी दुसऱ्याचं, संध्याकाळी परत पहिल्याचं. मी म्हटलं, पान बंद करून टाकू. अप्पा म्हणाले, "बंद कावून? भांडन दुकानात आनू." दोन्हीकडचा एकेक कर्ता माणूस त्यांनी बोलावून घेतला. केबिनीत दोघांना एका बाकड्यावर दाटीनं बसवलं आणि सांगितलं, "तू ह्याची बाजू लिव्ह. अन् तू त्याची. सोताची लिव्हायची न्हाई." दोघांनाही टाइप करता येत नव्हतं. दुपारपर्यंत एकेक अक्षर शोधता शोधता ते घामाघूम झाले. मधेच एक जण दुसऱ्याला 'तो ज्ञ कुठं हाय रे?' असं विचारताना मी स्वतः ऐकला. ते पान आजही तालुक्यातलं सगळ्यात लांब आणि सगळ्यात कमी वाचलं जाणारं पान आहे. पण भांडण तिथंच थांबलं. म्हणणं पटलं म्हणून नव्हे, बोटं दुखली म्हणून.

विकी वाढली. टाकळीमाळ या जवळच्या गावचे शिक्षक त्यात शिरले, एक कंडक्टर शिरला, दोन नर्सबाई आल्या. आणि हळूहळू अप्पांच्या ध्यानात आलं, की सगळे एकमेकांचं खोडतात, आपलं कुणी खोडत नाही. त्यांच्या लिहिण्यात चूक सापडली, तर माणसं दुकानात येत, पेंडीचा भाव विचारत, पावसापाण्याचं बोलत, आणि जाता जाता खाली बघून म्हणत, "अप्पा, ते तेवढं येकदा बघता का?" वडीलधाऱ्या माणसाच्या शब्दावर काट मारायची कशी? आमच्याकडं बापाच्या पुढ्यात चप्पल घालून कुणी बसत नाही, तिथं अप्पांची ओळ पुसणार कोण? सगळ्यांची पानं सगळ्यांची झाली, आणि अप्पांची तेवढी देवळातल्या मूर्तीसारखी राहिली. लांबून नमस्कार.

अप्पा यानं बेजार झाले. कारण त्यांचे डोळे चालले होते. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की एक डोळा कामातून गेलाय आणि दुसऱ्याचं ऑपरेशन करून बघू. लेक लातूरहून फोनवर फोन करत होती, दुकान भाड्यानं द्या आणि दोघं इकडं राहायला या. जायचं तर होतंच. पण अप्पांचं म्हणणं असं, "माझ्या लिव्हल्याला हात लावायची लोकांची हिंमत होत न्हाई तवर ही पानं जित्ती न्हाईत सर. मी गेलो की जशीच्या तशी वाळतेल. उद्या रस्ता बदलंल, बाजार बदलंल, अन् लोक म्हनतेल, अप्पानी लिव्हलंय, राहू द्या."

मी सुचवलं, की दुसऱ्या नावानं लिहा. ते उखडले. "तोंड झाकून कावून लिव्हू? चोरी केली का?" मग दोन दिवस विचार करून त्यांनी स्वतःच एक उपाय काढला, आणि तो असा काही अंगाशी आला, की अजून त्याची गोष्ट निघते.

टाकळीमाळचा बाजार सोमवारी भरतो. शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट. अप्पांनी एका संध्याकाळी त्या पानावर मुद्दाम सोमवारचा मंगळवार केला. त्यांचा हिशेब सरळ होता. त्या गावचे शिक्षक रोज पानं बघतात. इतकी ढळढळीत चूक बघून एकाचा तरी हात शिवशिवेल, तो खोडेल, आणि एकदा भीड चेपली की सुटलो. रात्री त्यांना आनंदानं झोप आली नाही. सकाळी बघतात तर मंगळवारच. दुसऱ्या दिवशीही मंगळवार. आणि तिसऱ्या दिवशी डोळ्यांच्या तपासणीसाठी त्यांना नगरला जावं लागलं, तिथं डॉक्टरांनी ठेवून घेतलं, आणि मंगळवार तसाच राहिला.

चूक सगळ्यांना दिसली होती. एका गुरुजींना वाटलं, ग्रामपंचायतीनं वार बदलला असेल आणि अप्पांना आधी कळलं असेल. दुसरे गुरुजी तावातावानं सरपंचाकडं गेले, की गावाला न विचारता बाजार हलवलाच कसा. सरपंचाला काहीच माहीत नव्हतं, पण तोही म्हणाला, "अप्पांनी लिव्हलंय म्हंजी वरून काही आलं असंल. चौकशी करतो."

मंगळवारी दुपारी अप्पा नगरहून एसटीनं परतले, तर दुकानापुढं अख्खी गल्ली मेंढरांनी भरलेली. मध्यभागी काठीवर हनुवटी टेकून जनाबाई उभी. उमापूरकडची ही मेंढपाळाची माणसं दर पावसाळ्यात खालचा चिखल सोडून आमच्या माळावर येत, आणि सुगीला परत खाली उतरायच्या आधी टाकळीमाळच्या बाजारात काही मेंढरं विकून जात. जनाबाई सातवीपर्यंत शिकलेली, नवऱ्याहून बोलायला खमकी. शनिवारी ती दोर घ्यायला दुकानात आली होती. अक्कांनी कौतुकानं तिला पडद्यावर ते पान दाखवलं होतं.

"जनाबाई, तुमी दरसाल सोमवारीच येता न्हवं?" अप्पांनी विचारलं.

"व्हय की."

"मंग आज कावून गेलता?"

"पडद्यावर मंगळवार व्हता. अक्का म्हनल्या, अप्पांनी सोता लिव्हलंय. मंग म्हनलं, हलिवला असंल बाजार. गेलो, तर तितं दोन कुत्री अन् येक बांगड्यावाला. त्योबी तुमचं वाचूनच आलता."

"तुला खरं ठावं व्हतं. मंग तितंच खोडलं कावून न्हाई?"

जनाबाईनं त्यांच्याकडं असं बघितलं, की जणू त्यांनी तिला देव्हारा उचलून फेकायला सांगितलंय. "तुमचं कसं खोडावं अप्पा?"

भर गल्लीत अप्पांनी तिच्यापुढं हात जोडले. चूक आपली, आणि मुद्दाम केलेली, असं मोठ्यानं सांगितलं. मेंढरं दुकानामागच्या वाड्यात घेतली, पेंडीची पोती फोडली, कडा गावच्या मेंढरांच्या व्यापाऱ्याला फोन करून बोलावलं. तो दुसऱ्या दिवशी येईपर्यंत मेंढरांनी पेंड तर खाल्लीच, टांगलेले नवे दोरखंडही जमतील तेवढे चघळले. अक्कांनी जनाबाईच्या घरच्यांना भाकरी-पिठलं वाढलं आणि अप्पांपुढं मात्र ताट आपटलं. संध्याकाळी अप्पांनी जनाबाईला केबिनीत बसवून पान कसं बदलायचं ते शिकवलं. तिनं सगळं नीट बघून घेतलं. अप्पा म्हणाले, "आता तूच कर मंगळवारचा सोमवार." ती उठली. "मी न्हाई बाई. तुमीच करा." शेवटी अप्पांनी स्वतःची चूक स्वतःच पुसली, आणि कारणाच्या चौकटीत लिहिलं, "अक्कल आली म्हणून."

त्यानंतर त्यांनी तो नाद सोडला. वर्ष गेलं. आमच्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या. लोक त्यांना पंखे म्हणत. कंपन्यांनी रस्ते कापले, जमिनी घेतल्या, तारा ओढल्या. अप्पांना दिसायचं कमी झालं होतं, पण रोजची धुलाई चालू होती. अखेर डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी बांधली गेली आणि लातूरला जायचा दिवस ठरला. मी रोज कॉलेज सुटल्यावर जाऊन त्यांना पानांवरचे बदल वाचून दाखवू लागलो.

एक दिवस मी वाचता वाचता थांबलो.

"काय झालं?" अप्पा म्हणाले.

"अप्पा, तुमचं खोडलंय."

ते सावरून बसले. "कोनी?"

"जनाबाईनं. उमापूरहून, मोबाईलवरून."

"कुठलं?"

मला सांगवेना. त्यांचं सगळ्यात लाडकं पान होतं ते. माळावरून खाली उतरणारी मेंढरांची वाट आणि वाटेवरचा आड. लहानपणी अप्पा वडिलांच्या बैलगाडीतून बाजारोबाजारी दोर विकायला जात ती हीच वाट. आडाचं पाणी किती गोड, कडेला चिंच किती जुनी, वडील तिथं बैल सोडून भाकरी कसे खात, सगळं त्यांनी एका बोटानं लिहून काढलं होतं. त्यातलं आता काही उरलं नव्हतं. मी जनाबाईचं वाचलं:

"ही वाट आता न्हाई. पंख्याच्या रस्त्यात गेली. आडाला तारेचं कुंपन हाय. पानी पायजे तर पंख्याच्या रस्त्यानं खाली या. शाळंच्या मागं तळं हाय, तितं मेंढरं पाजू देतेत."

"काहीच ठिवलं न्हाई?"

"नाही."

"चिंच?"

"नाही अप्पा."

त्यांचा हात आपोआप माउसकडं गेला. जुनं परत आणायला एक कळ पुरे होती आणि ती त्यांना डोळे मिटूनही सापडली असती. "आड गोड व्हता बे," ते म्हणाले. मला त्यांनी कधी 'बे' म्हटलं नव्हतं. पट्टीखालून पाणी आलं असतं तर डॉक्टर रागावले असते, म्हणून की काय ते वर छताकडं तोंड करून बसले. त्या क्षणी मला जनाबाईचा राग आला, हे खरं आहे.

मग ते म्हणाले, "कारन काय लिव्हलंय?"

मी कारण वाचलं. "औंदा पंखे झालेले, तरी आमी अप्पाच्या पानावर इसंबून त्याच वाटेनं गेलतो. वाट बंद. लेकरं अन् मेंढरं दिवसभर तहानली. दुसरं कुनी जाऊ नये म्हनून खोडलं."

अप्पांनी हात माउसवरून काढला आणि मांडीवर ठेवला. बाहेर कुणीतरी सरकीचा भाव विचारत होतं आणि अक्का सांगत होत्या. "परत वाचा," ते म्हणाले. मी वाचलं. "तळं म्हनली का? शाळंच्या मागं?" "हो." "मला ठावंच न्हवतं तितं तळं झालं ते." मग आणखी एकदा वाचायला लावलं, आणि या खेपेला त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटत गेलं, ते बघून मलाच हसू आलं. "अगं ये," त्यांनी बाहेर हाक मारली, "पेढे आन. जनाबाईनं माझं समदं खोडलं." अक्कांना वाटलं, डोळ्याबरोबर डोक्याचंही काही झालं. पण पेढे आले.

बाजारपेठेत बातमी तासाभरात पसरली, की अप्पांचं लिहिलेलं एका बाईनं पुसलं आणि अप्पांनी पेढे वाटले. टाकळीमाळच्या गुरुजींनी त्याच संध्याकाळी अप्पांच्या तीन पानांवर हात साफ करून घेतला. कंडक्टरनं एसटीच्या वेळा सुधारल्या. किती दिवसांचं मनात दाबून ठेवलेलं सगळ्यांचं भराभर बाहेर पडलं. मी वाचत होतो आणि अप्पा कुरकुरत होते, "हे तर बरोबर व्हतं की माझं," आणि पुढच्याला, "हां, हे चुकलंच व्हतं." जायच्या आदल्या दिवशी त्यांनी पानं सांभाळायचे आपले अधिकार काढून टाकायला सांगितले. ते कुणाला द्यायचे, असं विचारल्यावर म्हणाले, "जनाबाईला इचारा. न्हाई म्हनली तर गुरुजीला. मला इचारू नका."

जनाबाई हो म्हणाली. चार महिने आमच्या माळावर असते तेव्हा ती पानं बघते, एरवी गुरुजी.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते बसस्टँडवर, लातूरच्या गाडीत. डोळ्यांवर काळा चष्मा, मांडीवर वळकटी, पलीकडं अक्का. अप्पा खिडकीशी बसलेले आणि पुढच्या बाकावरच्या कुणा अनोळखी फेटेवाल्याची बाही धरून त्याला सांगत होते, "माझं लिव्हलेलं पान हो, पुरं पान. येका बाईनं खोडून टाकलं. मला न इचारता!"

"आरारा," फेटेवाला कळवळून म्हणाला. "मंग तुमी काय केलं?"

गाडी हलली. अप्पांचं उत्तर मला ऐकू आलं नाही. पण फेटेवाला चमकून मागं वळलेला आणि अप्पा चष्मा सावरत खदखदा हसत असलेले, एवढं मला वळणापर्यंत दिसत होतं.